दहा गुंठ्यांच्या लगत

कोल्हापूर जिल्ह्यात शेतजमिनीचा सर्वांत लहान कायदेशीर तुकडा केवढा? बागायत असेल तर दहा गुंठे, जिरायत असेल तर वीस. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारने ३२ जिल्ह्यांसाठी हे आकडे ठरवले, त्यात कोल्हापूरही आलं. याहून लहान तुकडा नव्याने पाडायचा नाही आणि, एक अपवाद सोडला तर, पाडलेला कुणालाही विकायचा नाही, असा हा नियम. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. चौकोनी असला तर एक बाजू जेमतेम १०४ फूट. अशा वावराला बांधावरून फेरी मारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आता अमेरिकेतल्या ओरेगन राज्याचा नियम पाहा. शेती आणि जंगल शहरांच्या घशात जाऊ नये म्हणून तिथे १९७३ साली जमीन-वापराचा कायदा झाला. १९९३ पासून तिथला साधारण नियम असा, की शेतीसाठी राखलेल्या पट्ट्यात नवा तुकडा पाडायचा तर किमान ८० एकरांचा हवा, आणि गुरं चारायच्या माळरानात १६० एकरांचा. जंगलासाठी राखलेल्या पट्ट्यातही ८० एकरच. ८० एकर म्हणजे ३,२०० गुंठे. त्यांच्या एका सर्वांत लहान तुकड्यात आपले सर्वांत लहान ३२० तुकडे बसतात!

जपानची गोष्ट आणखी मजेशीर. तिथे शेतजमीन घ्यायची असेल तर घेणाऱ्याकडे एकूण मिळून किमान ५० आर जमीन व्हायला हवी, होक्काइदो बेटावर २ हेक्टर, असा नियम कित्येक वर्षं होता. आपल्या सातबारावर ‘हे.आर’ असं लिहिलेलं असतं, तोच हा आर. तो १०० चौरस मीटरचा, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरच्या किंचित वर. म्हणजे जपानी शेतकऱ्याची किमान मर्यादा आपल्या भाषेत पन्नास गुंठे झाली. एप्रिल २०२३ मध्ये जपानने ही अट साफ काढून टाकली. शेतकरी म्हातारे झाले, वावरं ओस पडू लागली, मग लहान तुकडा घेऊन का होईना, पण कुणीतरी कसू दे, असा विचार त्यामागे होता. त्याच वर्षी आपण आपली मर्यादा खाली आणली. आपल्याकडे कारण उलटं होतं. इथे माणसं भरपूर आणि जमीन कमी.

तीन देश, तीन आकडे, आणि तिन्ही ठिकाणी उद्देश जवळपास एकच. मग हा आकडा येतो तरी कुठून?

आधी गुंठ्याचीच हकिगत ऐका. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात मोजणीला जी साखळी वापरत ती ३३ फुटांची होती, आणि तिचे सोळा भाग, म्हणजे सोळा आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद, झाला एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. ही साखळी एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलेल्या ६६ फुटी साखळीच्या बरोब्बर निम्मी. लंडनच्या त्या प्राध्यापकाचं माप अर्धं होऊन करवीर-शिरोळच्या मळ्यांत आलं आणि आजही कोल्हापुरात प्लॉटचा दर सांगताना तेच तोंडात येतं. मीटर अधिकृत होऊन साठ-पासष्ट वर्षं होऊन गेली, तरी गुंठा हटायला तयार नाही.

साखळीने मोजायचं ते शेत केवढं धरायचं, हाही प्रश्न त्या काळी होताच. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात जी मोजणी सुरू केली, तिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. त्यांचा हिशेब साधा होता: एका बैलजोडीने एका कुणब्याला जेवढं क्षेत्र कसता येईल, तेवढ्याच्या आसपास एक सर्व्हे नंबर. जमीन हलकी असेल तर क्षेत्र जास्त, भारी असेल तर कमी, भाताची असेल तर फारच कमी. सर्व्हे नंबरचं माप असं बैलाच्या ताकदीवर बेतलेलं होतं. जमिनीला मुळात आकार नसतोच. तो तिच्यावर राबणाऱ्याकडून येतो, हे त्या दोघा साहेबांना कळलेलं होतं.

पण माणूस मरतो, आणि वारस मागे राहतात. सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडतात, पोटहिस्स्यांत पुन्हा आणेवारी लागते. हे किती झपाट्याने होतं याचा पहिला नीट हिशेब पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मान यांनी मांडला. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास त्यांनी १९१७ साली प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, १८१८ मध्ये साडेसतरा, आणि १९१५ मध्ये सात. गावात १५६ जमीनमालक आणि त्यांच्या जमिनीचे ७१८ तुकडे. त्यातले ४६३ एका एकराहून लहान, आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले. पाव एकर म्हणजे दहा गुंठे! शंभर वर्षांपूर्वी मानसाहेबांना जो तुकडा पाहून धक्का बसला, तोच आज आपल्या कायद्याचा किमान आकडा आहे. (त्याच पिंपळे सौदागरमध्ये आज गगनचुंबी इमारती आहेत, आणि तिथल्या दहा गुंठ्यांना कुणी लहान म्हणत नाही.)

राज्याचंही तेच झालं. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ मध्ये ती १.३४ वर आली. कोल्हापूरची सरासरी राज्याच्याही खाली.

तुकडा लहान झाला की नेमकं काय बिघडतं, हे जरा जवळून बघू. तीन भावांत वाटणी होते तेव्हा प्रत्येकाला पाणंदीला तोंड हवं असतं, पाटाचं पाणी हवं असतं, आणि जमिनीची प्रत सारखी हवी असते. मग वावर आडवं न तोडता उभं चिरतात. समजा, एकाच्या वाट्याला ३३ फूट रुंद आणि ३३० फूट लांब अशी पट्टी आली. क्षेत्र भरतं दहा गुंठे. आता साडेचार फुटी सरी सोडायची म्हटलं तर रुंदीत ऊस बसतो सातच सऱ्या. ट्रॅक्टर टोकाला वळवायचा तर शेजाऱ्याच्या वावरात चाक जातं. बांध दोन फुटांचा आणि निम्मा आपला धरला, तर या पट्टीत बांधाखाली जमिनीचा जवळपास पंधरावा हिस्सा जातो. तेवढंच क्षेत्र चौकोनी असतं तर पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास गेला असता. क्षेत्रफळ तेच, पण काठ वाढला. आणि कोल्हापुरात बांध कोरण्यावरून किती खटले उभे राहतात हे सांगायची गरज नाही. काठ जितका लांब, तितकी भांडणाला जागा जास्त.

काठाचं हे गणित लक्षात ठेवा, पुढे जंगलात ते पुन्हा भेटणार आहे.

तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब, तर मग तुकडे पाडायला बंदी करा, हा विचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुंबई सरकारच्या डोक्यात घोळत होता. त्याला सर्वांत धारदार उत्तर दिलं ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१८ साली, म्हणजे माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांच्या शेजारी बसण्याच्या दोन वर्षं आधी, त्यांनी भारतातल्या लहान धारणांवर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा असा, की अमुक एकर म्हणजे परवडणारं शेत आणि त्याच्या आत म्हणजे न परवडणारं, असं नुसत्या क्षेत्रावरून सांगताच येत नाही. शेत परवडतं की नाही हे त्यात किती भांडवल, किती मनुष्यबळ, कोणती अवजारं येतात त्यावर ठरतं. भांडवल नसेल तर मोठं शेतही तोट्यात, आणि भांडवल असेल तर लहानही फायद्यात. खरी अडचण जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत ही आहे, आणि त्यावरचा उपाय उद्योगधंद्यांत आहे.

१९२७ साली लहान धारणांबद्दलचं विधेयक मुंबई कायदेमंडळात आलं तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते विरोधात उभे राहिले. धारणा मोठी करायला निघालात तर ज्यांची जमीन त्यात जाईल ते भूमिहीन होतील, हा त्यांचा आक्षेप. त्याऐवजी मालकी प्रत्येकाची राहू द्या आणि कसणं सहकाराने करा, असं त्यांनी सुचवलं. विधेयक बारगळलं.

मला कोल्हापूरच्या शेतीकडे पाहताना हा निबंध नेहमी आठवतो. मान यांच्या हिशेबाने पाहिलं तर हा जिल्हा कधीच भिकेला लागायला हवा होता. तो लागला नाही, कारण दहा-वीस गुंठ्यांच्या मागे नदीवरून पाणी उचलणाऱ्या सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, ऊस घ्यायला सहकारी साखर कारखाने उभे राहिले, आणि १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपलं ‘गोकुळ’, निघालं. दारातल्या म्हशीला सातबारा विचारत नाहीत. पंधरा गुंठ्यांच्या बांधावरची वैरण आणि सकाळ-संध्याकाळची किटली यांवर शिकलेली पोरं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. सगळंच गोमटं झालं असं मुळीच नाही. ऊसतोडीची टोळी लहान तुकड्यात यायला कुरकुर करते, पाळीचं पाणी रात्री दोनला येतं, आणि एकट्या उसाने जमिनीतलं मीठ वाढलं ते वेगळंच. पण नुसत्या क्षेत्रावरून भविष्य सांगणाऱ्यांना कोल्हापूरने खोटं पाडलं, हे खरं.

तरीही कायदा झालाच. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा मुंबई कायदा. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मग हा कायदा आपल्याकडेही आला. त्यात दोन भाग. एक, विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडायचे, ज्यामुळे आपल्या सातबारावर गट नंबर आला. दुसरा, ‘प्रमाणभूत क्षेत्र’ ठरवायचं, म्हणजे स्वतंत्रपणे फायद्यात कसता येईल असं किमान क्षेत्र, आणि त्याहून लहान तो ‘तुकडा’. तुकड्याची विक्री बेकायदेशीर. त्याबद्दलचा दंड मात्र कायद्यात घातला तो जास्तीत जास्त अडीचशे रुपये. आज त्या रकमेत मुद्रांकाच्या ओळीत उभं राहायला गावाहून यायचा पेट्रोलखर्चही निघत नाही. मग व्हायचं तेच झालं. शहरांच्या कडेने एक-दोन-तीन गुंठ्यांचे व्यवहार लाखांनी झाले, कधी नोटरीवर, कधी सामाईक खरेदीखतात दहा नावं घालून. सरकार मागून धावत राहिलं. आधी बाजारमूल्याच्या २५ टक्के भरून नियमित करा म्हटलं, २०२४ मध्ये ते ५ टक्क्यांवर आणलं, आणि २०२५ मध्ये शहरी भागातले जुने व्यवहार फुकटात नियमित करायचं ठरवलं. शेतात विहीर पाडायला, शेतरस्त्याला किंवा घरकुलाला लागणाऱ्या लहान तुकड्यालाही २०२४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने वाट मोकळी झाली. माझ्या मते ही सवलत सर्वांत शहाणपणाची, कारण विहिरीला पाच गुंठ्यांपेक्षा जास्त जागा लागते कुठे?

पण या कायद्यातलं खरं रत्न कुणी फारसं मिरवत नाही. तुकडा विकायला बंदी आहे, मात्र तो लगतच्या खातेदाराला विकता येतो. लहान तुकडा शेजारच्या वावराला जोडला गेला की तो तुकडा राहत नाही. म्हणजे कायद्यालाही कुठेतरी ठाऊक होतं, की तुकड्याची किंमत त्याच्या आकारापेक्षा त्याच्या शेजारावर ठरते.

वरची मर्यादाही आहे, ती थोडक्यात सांगतो. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६१ चा. १९७५ पासून बारमाही पाण्याच्या जमिनीला १८ एकर, एका पिकापुरतं खात्रीचं पाणी असेल तर २७, खात्रीचं नसेल तर ३६, आणि कोरडवाहूला ५४ एकर. इथेही गंमत पाहा: एकाच कुटुंबाला किती जमीन पुरे हे पाण्याने ठरवलं.

आता पश्चिमेकडे चला. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड. इथे शेत आणि रान यांच्यामधली रेघ कागदावर जितकी ठळक असते, तितकी जमिनीवर नसते. आणि इथे जंगलाच्याही आकाराचे नियम सुरू होतात. ३० ऑगस्ट १९७५ ला राज्यातली खाजगी वनं सरकारजमा झाली. पण ज्याच्याकडे त्यानंतर एकूण १२ हेक्टरांपेक्षा कमी जमीन उरत होती, त्याला बारा हेक्टर भरतील एवढी जमीन परत मिळण्याची तरतूद पुढे झाली. २००६ च्या वनहक्क कायद्यात कसणाऱ्याला जास्तीत जास्त ४ हेक्टरांचा हक्क मिळतो. धनगरवाड्यावरच्या कुटुंबाला मात्र आधी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो, आणि तिथेच बहुतेक दावे अडकतात. त्याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा कामांना एक हेक्टरापेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागणार नसतील तर. पंचाहत्तर झाडं! हा आकडा वाचला की कुणीतरी कुठेतरी बसून झाडं मोजली असतील असं वाटतं.

हे सगळे आकडे माणसाच्या सोयीचे. जंगलाचा स्वतःचा आकडा कोणता?

हा प्रश्न थॉमस लव्हजॉय या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रत्यक्ष जंगलालाच विचारला. ब्राझीलमध्ये मनाउस शहराच्या उत्तरेला गुरांच्या कुरणासाठी ॲमेझॉनचं जंगल तोडणं चालूच होतं. १९७९ पासून त्यांनी त्यात एक, दहा आणि शंभर हेक्टरांचे चौकोन न तोडता शिल्लक ठेवायला लावले आणि त्यांत काय होतं ते बघत बसले. ते काम आजही चालू आहे. दिसलं ते असं: तोडलेल्या कडेने ऊन आणि वारा आत शिरतो, जमीन वाळते, आणि कडेपासून शंभर-तीनशे मीटरपर्यंत मोठी झाडं भराभर मरतात. शंभर हेक्टरांच्या तुकड्यातसुद्धा झुडपांच्या थरात राहणाऱ्या पक्ष्यांच्या निम्म्या जाती पंधरा वर्षांच्या आत नाहीशा झाल्या.

आता मघाचं बांधाचं गणित काढा. कडेचा त्रास शंभर मीटर आत जातो असं धरू. एक हेक्टरचा चौकोन १०० मीटर बाजूचा, त्यात कडेपासून सर्वांत लांबची जागा पन्नास मीटरवर. म्हणजे तो सगळाच काठ, आत काही नाहीच. दहा हेक्टरच्या चौकोनात आतला भाग भरतो जेमतेम तेरा टक्के. शंभर हेक्टरमध्ये चौसष्ट. झाडं मोजली तर तिन्ही जंगलंच, पण पहिल्यात जंगल म्हणावं असं एक झाडही नाही. भावांच्या वाटणीत जे बांधाने खाल्लं, तेच इथे उन्हाने खाल्लं.

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं. संस्थानी काळात शिकारीसाठी राखलेलं दाजीपूरचं रान १९५८ साली महाराष्ट्राचं पहिलं अभयारण्य झालं, २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं. दहा-दहा गुंठ्यांचे तुकडे पाडले तर त्याचे जवळपास साडेतीन लाख होतील. गव्यांच्या कळपांना हे पुरतं असं वाटेल, पण डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराच्या वेशीपर्यंत आला होता. वाघांची तर इथे मोजकीच घरं बसतील. नर वाघाचा वावर शंभर चौरस किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. एप्रिल २०२२ मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला एक नर वाघ डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात पुन्हा टिपला गेला. मध्ये अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पट्टे पाहून तोच वाघ हे ओळखलं. या शंभर किलोमीटरमध्ये दोन संरक्षित क्षेत्रांच्या हद्दी आहेत, सरकारी वनं आहेत, आणि मालकीची रानं आहेत, भाताची खाचरं आहेत, घाटरस्ते आहेत, कुणाच्या तरी इतर हक्कांत बहिणीचं नाव लागलेले गट आहेत. त्यातून तो कुणाला न दिसता गेला.

तो जाऊ शकला, कारण रान सलग होतं. इथे वन्यजीव कायद्यातली एक तरतूद तुकडेबंदी कायद्याच्या अगदी शेजारी येऊन बसते. २००२ च्या दुरुस्तीने ‘संवर्धन राखीव’ नावाचा प्रकार आला. तो सरकारी जमिनीवर करायचा, विशेषतः अभयारण्याच्या लगत, आणि एका संरक्षित क्षेत्राला दुसऱ्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांत. डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड यांना तशी मान्यता दिली. नकाशावर बोट फिरवा: चांदोलीपासून विशाळगड, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड, तिथून तिलारी आणि गोव्याची हद्द. एकेकटा तुकडा वाघांना पुरणारा नाही. लगत लागले की वाट होते. महसूल खात्याचा कायदा आणि वनखात्याचा कायदा, पंचावन्न वर्षांच्या अंतराने, एकमेकांना न विचारता एकाच उत्तराशी येऊन थांबले, याचं मला फार नवल वाटतं.

मात्र लहान म्हणजे वाया, असंही नाही. आजरा आणि गडहिंग्लज ज्या नदीचं पाणी पितात ती हिरण्यकेशी आंबोलीत महादेवाच्या देवळाजवळ उगम पावते. तिथल्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली, २०२० साली तिचं नामकरण झालं, शिस्तुरा हिरण्यकेशी. त्यासाठी २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राखलेली जागा आहे फक्त २.११ हेक्टर. म्हणजे २११ आर, पाच-सव्वापाच एकर. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली रानटी जायफळाची पाणथळ देवराई २.५९ हेक्टरची. ओरेगनच्या नियमात ही दोन्ही ठिकाणं तुकडा म्हणूनही उभी राहिली नसती. ती टिकली ती देवाच्या धाकाने आणि न आटणाऱ्या पाण्याने. घाटमाथ्यावरच्या देवरायांचं बळ तेच. पण देवराईभोवतीचं रान तुटलं की ती ब्राझीलच्या एक हेक्टरच्या चौकोनासारखी होते, तिथे देवही फारसं काही करू शकत नाही.

आणि इथेच मला आकड्यांच्या नियमांची भीती वाटते. पश्चिम घाटातल्या संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला. त्यात ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या नव्या नगरांना मनाई आहे. चांगलंच आहे. पण पन्नास हेक्टरचा तोच डोंगरउतार वीस-वीस गुंठ्यांत विकला तर त्याचे सुमारे २४७ तुकडे पडतात, आणि जिरायत म्हणून त्यातला प्रत्येक तुकडा तुकडेबंदीत बसतो. प्रत्येकाला कुंपण, प्रत्येकाला कच्चा रस्ता, प्रत्येकाला एक बोअर. एकही तुकडा बेकायदेशीर नाही, आणि वाघाची वाट मात्र गेली. मोठ्याला अडवणारा नियम आहे, लहानाला अडवणाराही आहे. लहानांची बेरीज कुणी करायची, हे मात्र कोणत्याच नियमात नाही.

तेव्हा कोल्हापूरच्या पश्चिमेला ‘निसर्गाच्या कुशीत वीस गुंठे’ घ्यायचा विचार असेल, तर सातबारा पाहालच, क्षेत्र आणि भोगवटाही पाहाल. त्यावर थांबू नका. इतर हक्कांत ‘खाजगी वन’ किंवा वनखात्याची नोंद आहे का ते वाचा. गाव नकाशा मागून घ्या आणि आपला गट शोधून चारी बाजूंचे गट कुणाचे आहेत ते बघा. खरेदीखतात चतुःसीमा लिहायच्या असतातच. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. त्यातल्या एका जरी बाजूला राखीव वन निघालं, तर तो गट वाघाच्या वाटेवरचा समजा, आणि तिथे घर किंवा कुंपण घालायच्या फंदात पडू नका. जमीन घेतलीच असेल, तर वन्यजीव कायद्यात मालकाच्या संमतीने खाजगी जमिनीवर ‘सामुदायिक राखीव’ करण्याचीही सोय आहे. वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात जाऊन तेवढं एकदा विचारा.